दर पंचविसावी नोंद आणि नसलेली लाट

वाचकांचे प्रश्न : मोजमाप आणि आकडे

गेल्या अंकात सेन्सर कसा निवडावा यावर लिहिलं, पण पत्रं आली ती दुसऱ्याच दुखण्याची. दोन उपकरणांनी दोन वेगांनी नोंदी घेतल्या आहेत आणि त्या एका आलेखावर काही केल्या बसत नाहीत. माझी सगळी उमेद यंत्रांची कंपनं मोजण्यात गेली, त्यामुळे पहिल्या पत्रावर मी जरा जास्तच रेंगाळलो आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : एका यंत्राच्या चाचणीत आमच्याकडे दोन रेकॉर्डर होते. एकाचा सॅम्पलिंग रेट सेकंदाला १००० नोंदी, दुसऱ्याचा ४०. तुलना करायची म्हणून मी पहिल्या फाइलमधली दर पंचविसावी ओळ ठेवली आणि बाकीच्या उडवल्या. आता पहिल्या आलेखात सेकंदाला साधारण नऊ वेळा वरखाली होणारी ठसठशीत लाट दिसते. दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये ती नाही आणि मूळ फाइलमध्येही सापडत नाही. मग आली कुठून? (शाफ्टचा वेग मिनिटाला २९५२ फेरे होता.)

उत्तर : लाट तुम्हीच आणलीत. कुठून आणलीत तेही तुम्हीच कंसात लिहिलं आहे. मिनिटाला २९५२ फेरे म्हणजे सेकंदाला ४९.२. फिरत्या भागाचा तोल जरासा जरी ढळलेला असला तरी दर फेऱ्याला एक धक्का बसतो, म्हणजे तुमच्या मूळ फाइलमध्ये ४९.२ हर्ट्झची थरथर आहेच. ती दिसली नाही, कारण अख्ख्या मिनिटाचा आलेख एका पडद्यावर उघडला की अशी थरथर नुसता जाड पट्टा होऊन बसते. अर्ध्या सेकंदाचा तुकडा मोठा करून पाहा, पंचवीसेक शिखरं मोजता येतील.

आता कागद-पेन्सिल घ्या. दर पंचविसावी ओळ ठेवली म्हणजे दोन नोंदींमध्ये ०.०२५ सेकंदाचं अंतर राहिलं. तेवढ्यात शाफ्ट ४९.२ × ०.०२५, म्हणजे १.२३ फेरे फिरतो. पूर्ण फेरा झाला की शाफ्ट पुन्हा जिथल्या तिथे, त्यामुळे तो एक फेरा नोंदीला कळतच नाही. कळतो तो फक्त वरचा ०.२३. अशा नोंदी सेकंदाला ४०, म्हणून ०.२३ × ४० = ९.२. ही तुमची लाट. चित्रपटात धावत्या गाडीची चाकं कधी संथ तर कधी चक्क उलटी फिरताना दिसतात, तोही हाच हिशोब. आमच्या धंद्यात याला एलियासिंग म्हणतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. पंचविसाव्याऐवजी दर विसावी ओळ ठेवा. आता अंतर ०.०२ सेकंद, तेवढ्यात ०.९८४ फेरा, म्हणजे पूर्ण फेऱ्याला ०.०१६ कमी. सेकंदाला ५० नोंदी धरल्या तर ०.८ हर्ट्झ. तुमची नऊची लाट गायब होईल आणि तिच्या जागी सव्वा सेकंदाला एकदा येणारी आळशी लाट दिसेल. यंत्रात काहीही बदललेलं नसेल. ओळी उडवण्याचा आकडा बदलल्यावर जी लाट आपली चाल बदलते, ती यंत्रातली नव्हे. ही चाचणी मी आजही प्रत्येक नव्या फाइलवर करतो, दोन मिनिटंही लागत नाहीत.

यामागचा नियम जुना आहे. नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तो तारायंत्राच्या संदर्भात मांडला, कोटेलनिकोव यांनी १९३३ मध्ये सोव्हिएत रशियात आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याला नेटकं गणिती रूप दिलं : सेकंदाला जितक्या नोंदी, त्याच्या निम्म्यापेक्षा कमी वारंवारतेचंच तुम्हाला खरं दिसतं. नोंदी ४० म्हणजे सीमा २० हर्ट्झ. त्याच्या वरचं जे काही असेल ते नाहीसं होत नाही, ते दुमडून खाली येतं आणि खालच्या खऱ्या आकड्यांत मिसळतं. एकदा मिसळलं की त्या फाइलमधून ते वेगळं काढता येत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी २० हर्ट्झच्या वरचं गाळायचं, मग ओळी उडवायच्या. फिल्टर अगदी २० वर लावू नका. कुठलाही फिल्टर भिंतीसारखा सरळ कापत नाही, त्याला उतरायला जागा लागते. मी सोळाच्या आसपास लावतो.

'मग पंचवीस-पंचवीस ओळींची सरासरी काढली तर?' हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढच्या पत्रात विचारालच. सरासरी हाही फिल्टरच, फक्त बोथट. तुमच्या ४९.२ हर्ट्झच्या थरथरीचा सुमारे १७ टक्के भाग पंचवीस ओळींच्या सरासरीतूनही सुटतो आणि पुन्हा ९.२ वर जाऊन बसतो. थरथर लहान असेल तर चालून जाईल. तुमच्याकडे ती मोठी आहे, तेव्हा नीट फिल्टर वापरा. मॅटलॅब ही गणिती संगणकप्रणाली वापरत असाल तर 'डेसिमेट' ही आज्ञा गाळणं आणि उडवणं दोन्ही करते, 'डाउनसॅम्पल' मात्र नुसत्या ओळी उडवते. नावं शेजारची, स्वभाव वेगळे. शिवाय फिल्टर लावला की सिग्नल थोडा मागे पडतो. १०१ गुणकांचा सममित फिल्टर असेल तर तुमच्या फाइलमध्ये बरोबर ५० नोंदी, म्हणजे ०.०५ सेकंद. नंतर वेळेची तुलना करणार असाल तर तेवढं मागे सरकवून घ्या, किंवा फिल्टर एकदा सरळ आणि एकदा उलट्या दिशेने चालवा.

दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये लाट का नाही? त्याच्या आत आकडा तयार होण्याआधीच गाळणी बसवलेली असणार. म्हणजे तो २० हर्ट्झच्या वरचं मुळात पाहतच नाही. तुम्हाला वेगवान फाइलला तेच करायला लावायचं आहे. संथ रेकॉर्डर त्याच जागी बसला असता तर त्याला काय दिसलं असतं, ते त्या हजार नोंदींमधून काढायचं. नुसती ओळींची संख्या सारखी केली म्हणून नजर सारखी होत नाही.

आणि कृपा करून दोन्ही फाइलींमधल्या सर्वांत मोठ्या आकड्यांची तुलना करू नका. १० हर्ट्झची लाट सेकंदाला ४० नोंदींनी मोजली तर एका लाटेला चारच नोंदी मिळतात. शिखर दोन नोंदींच्या बरोबर मधोमध पडलं तर हातात खऱ्या उंचीच्या ७१ टक्केच लागतात. एका लाटेला दहा नोंदी असतील तर वाइटात वाईट ९५ टक्के. वेगवान रेकॉर्डर नेहमीच 'जास्त' दाखवणार, यंत्र तेच असलं तरी. वरखाली होण्याची तुलना हवी असेल तर गाळल्यानंतरचा आरएमएस, म्हणजे आकड्यांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, काढा.

प्रश्न : मी समुद्रपातळीवर काम करणारी विद्यार्थिनी आहे. किनाऱ्यावरचा भरतीमापक दर तासाला एक नोंद देतो. उपग्रह त्याच जागेवरून साधारण दहा दिवसांनी एकदा जातो. 'आधी गाळा, मग विरळ करा' हे वाचून मी भरतीमापकाच्या दहा-दहा दिवसांच्या सरासरी काढल्या. उपग्रहाच्या नोंदींत दोन महिन्यांचा स्पष्ट चढउतार आहे, माझ्या सरासरीत त्याचा मागमूस नाही. चूक कोणाची?

उत्तर : चूक नियमाची नाही, तो इथे लावण्याची आहे. वरचं उत्तर वाचलं असेल तर मी आता नेमकं उलटं सांगतोय असं वाटेल, पण तसं नाही.

तुमचा उपग्रह टोपेक्स-पोसायडन किंवा त्याच कक्षेत त्याच्यामागून गेलेल्या जेसन मालिकेतला असावा. टोपेक्स १९९२ मध्ये सोडला गेला आणि तो दर ९.९१५६ दिवसांनी त्याच रेषेवर परत यायचा. म्हणजे २३७.९७ तासांनी. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचं आवर्तन १२.४२ तासांचं. भागाकार करा : १९.१६. एकोणीस भरत्या पूर्ण होऊन गेल्या, त्या उपग्रहाच्या गावीही नाहीत. उरला ०.१६. म्हणजे ९.९१५६ भागिले ०.१६, सुमारे ६२ दिवस. दिवसातून दोनदा येणारी भरती या उपग्रहाला दोन महिन्यांच्या संथ लाटेसारखी दिसते. शाफ्टचीच गोष्ट, फक्त समुद्राएवढी मोठी. उपग्रहांची कक्षा ठरवताना हे आकडे आधी काढून बघतात. कक्षा अशी निवडावी लागते की दुमडलेली भरती वर्षाच्या ऋतुचक्रावर जाऊन पडणार नाही, नाहीतर ती कधीच वेगळी काढता यायची नाही.

आता तुमची चूक. उपग्रह सरासरी घेत नाही. तो सेकंदभर येतो, पाणी जिथे असेल तिथे पाहतो आणि जातो. तुम्ही मात्र भरतीमापकाला दहा दिवस बसवून सरासरी काढायला लावलीत. संथ उपकरणाची नजर क्षणाची आहे, तर वेगवान नोंदीतूनही तो क्षणच उचलायला हवा. उपग्रह ज्या मिनिटाला वरून गेला, त्याच मिनिटाची भरतीमापकाची पातळी घ्या. ६२ दिवसांची लाट मग दोन्हीत सारखीच येईल. ती खोटी आहे, पण दोन्हीकडे एकच खोट आहे, आणि दोन उपकरणं एकमेकांशी जुळतात का एवढंच बघायचं असेल तर त्याने काही बिघडत नाही.

एक बारकावा आहे. नोंदी तासाच्या आणि उपग्रह जाणार दोन वाजून सदतीस मिनिटांनी. दोन तासांच्या नोंदींना सरळ रेषेने जोडून मधली पातळी काढलीत, तर भरतीच्या टोकाशी चूक लाटेच्या उंचीच्या सुमारे ३ टक्के होते. मध्यपातळीपासून एक मीटर चढणाऱ्या भरतीला तीन सेंटिमीटर. तुमचा विषयच सेंटिमीटरांचा आहे, तेव्हा आजूबाजूच्या चार-सहा नोंदींतून वक्ररेषा काढा.

प्रश्न जर 'समुद्र चढतोय का' असा असेल तर मात्र वाट वेगळी. तेव्हा भरतीच्या मॉडेलने दोन्ही नोंदींतून भरती वजा करा आणि मगच सरासरी काढा. तुम्ही उघडलेल्या उपग्रहाच्या फाइलमध्ये ही वजाबाकी झालेली दिसत नाही. झालेली फाइलही मिळते, फक्त कुठली उघडली आहे ते शीर्षकात वाचून घ्या.

प्रश्न : एक मालिका रोजची आहे, दुसरी महिन्याची. पाच वर्षांच्या ६० मासिक बिंदूंना रेषेने जोडून मी त्याही रोजच्या केल्या. दोन मालिकांचा सहसंबंध ०.२ आला. ६० बिंदूंवर हाच ०.२ नगण्य ठरत होता, पण १८२६ दिवसांवर तो अत्यंत लक्षणीय ठरतो. जास्त डेटा मिळाल्याचा हा फायदा समजावा का?

उत्तर : डेटा मिळालेला नाही, तुम्ही तो छापलात. साठ नोटांच्या १८२६ झेरॉक्स काढून श्रीमंत होण्यातला प्रकार. गणित बघा : ०.२ ला ६० बिंदूंवर टी, म्हणजे लक्षणीयता ठरवणारा आकडा, येतो १.५५, १८२६ वर ८.७. या वाढीत निसर्गाचा वाटा शून्य आहे, सगळी तुमच्या पट्टीने ओढलेल्या रेषांची. जो मधला बिंदू शेजारच्या दोन बिंदूंवरून काढला, तो नवं काही सांगूच शकत नाही. खरं तर ते साठही पूर्ण साठ नसतात. या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याला धरूनच असेल तर स्वतंत्र माहिती त्याहून कमीच.

तेव्हा वर चढू नका, खाली उतरा. रोजच्या मालिकेला महिन्याची करा. मासिक आकडा महिन्याची बेरीज असेल तर बेरीज, सरासरी असेल तर सरासरी, महिनाअखेरचा असेल तर शेवटच्या दिवसाचा. आणि आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून क्यूबिक स्प्लाइन, म्हणजे सगळ्या बिंदूंतून जाणारी गुळगुळीत वक्ररेषा, वापरण्याचा मोह झाला, तर एकदा पावसाच्या आकड्यांवर वापरून बघा. एक मोठी सर आणि पुढे कोरडे दिवस असले की ती वक्ररेषा शून्याखाली घसरते आणि ऋण मिलिमीटर पाऊस पाडते.

प्रश्न : रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्याच्या तेजस्वितेच्या नोंदी आहेत, पण ढगाळ रात्री वगळून, म्हणजे अंतर कधी एक दिवस तर कधी अकरा. सारख्या अंतरावर आणून मग वारंवारता शोधू का?

उत्तर : नको. जसं आहे तसंच ठेवून लॉम्ब-स्कार्गल पद्धत वापरा. लॉम्ब यांनी १९७६ मध्ये आणि स्कार्गल यांनी १९८२ मध्ये ती अशाच असमान अंतराच्या नोंदींसाठी बेतली. दोन ताऱ्यांच्या किंवा दोन रंगांतल्या मालिकांची तुलना करायची असेल तर एडेल्सन आणि क्रोलिक यांची १९८८ मधली पद्धत पाहा. ती रिकाम्या रात्री भरत न बसता फक्त खऱ्या नोंदींच्या जोड्या लावते.

प्रश्न : एक रेकॉर्डर १००० वर, दुसरा २५० वर. दोन्हींचा १०२४ बिंदूंचा एफएफटी (सिग्नलमध्ये कुठली वारंवारता किती ते दाखवणारा हिशोब) काढला. शिखरांची रुंदी जुळत नाही.

उत्तर : जुळणार नाही. बारकावा बिंदूंच्या संख्येवर नाही, किती सेकंद ऐकलंत त्यावर ठरतो. पहिल्यात १०२४ बिंदू म्हणजे जेमतेम एक सेकंद, दुसऱ्यात चार. पहिल्याच्या वारंवारतेच्या पट्टीवरचा एक खण ०.९८ हर्ट्झचा, दुसऱ्याचा ०.२४ चा. दोन्हीकडे चार-चार सेकंदांचे तुकडे घ्या, म्हणजे पहिल्यात ४०९६ बिंदू. उंचीची तुलना 'दर हर्ट्झला किती' या एककात करा आणि १२५ हर्ट्झच्या वरचं पहिल्यातून सोडून द्या, दुसऱ्याकडे ते नाहीच.

प्रश्न : दोन्ही लॉगर एकाच क्षणी सुरू केले होते, तरी तीन दिवसांनंतर घटना काही सेकंदांनी मागेपुढे दिसतात.

उत्तर : घड्याळं. आतल्या क्वार्ट्झ स्फटिकाची वारंवारता ३२,७६८ हर्ट्झ लिहिलेली असते, पण दहा लाखांत वीसचा फरक त्याला माफ असतो. म्हणजे दिवसाला १.७ सेकंद. एक पुढे आणि एक मागे पळाला तर तीन दिवसांत दहा सेकंद. मी चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही सेन्सर जिथे बसवलेत तिथे रबरी हातोडीने तीन वेळा ठोकतो : ठक, ठक-ठक. मधलं अंतर मुद्दाम असमान ठेवतो, म्हणजे कुठला ठोका कुठला यात गोंधळ होत नाही. मग दोन्ही फाइलींत पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत किती नोंदी आहेत ते मोजायचं. त्या गुणोत्तरातून कळतो तो या दोघांचा एकमेकांशी खरा वेग, डब्यावर छापलेला नव्हे. तुमच्याकडे ठोके नाहीत, पण दोन्हीत ओळखू येणारी एखादी घटना सुरुवातीला आणि एखादी शेवटी असेल तर तीही चालेल. एकच घटना पुरणार नाही. तिने सुरुवात जुळते, घसरण कळत नाही.

प्रश्न : तापमानाचे दोन लॉगर आहेत, एक दर मिनिटाला नोंदतो, दुसरा दर पंधरा मिनिटांनी. तुलना कशी करावी?

उत्तर : तुम्ही दिलेल्या माहितीवर मला सांगता येणार नाही. पंधरा मिनिटांचा तो आकडा त्या क्षणाचा आहे, पंधरा मिनिटांच्या सरासरीचा आहे, की त्यातला सर्वांत मोठा? आणि त्याच्यापुढे छापलेली वेळ पंधरा मिनिटांच्या सुरुवातीची की शेवटची?

हे दुसरं किरकोळ वाटतं. मलाही वाटायचं. एकदा तेलाच्या टाकीचं तापमान एका लॉगरवर आणि हीटरची वीज दुसऱ्यावर, दोन्ही दहा-दहा मिनिटांच्या सरासरीने घेतले होते. हीटर दहा वाजता सुरू झाला. विजेच्या लॉगरने दहा ते दहा-दहाची सरासरी '१०:१०' अशी नोंदवली, कारण तो शेवटची वेळ छापायचा. तापमानाच्या लॉगरने तोच काळ '१०:००' म्हणून नोंदवला, कारण तो सुरुवातीची छापायचा. आलेखात हीटर सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधीच तेल तापायला लागलं होतं. मी अहवालात उष्णतेचा दुसरा कुठला तरी स्रोत शोधायला हवा असं लिहिलं, आणि दोन माणसं आठवडाभर तो शोधत फिरली. माहितीपुस्तिका माझ्याच खणात होती.

तुमच्याकडे पुस्तिका नसेल तर हे करा. दोन्ही सेन्सर शेजारी ठेवा आणि तासाभरात ते स्थिरावू द्या. मग दहा वाजून सात मिनिटांनी, म्हणजे पंधरा मिनिटांच्या खणाच्या मधोमध, दोन्ही एकत्र मुठीत धरा. एक मिनिट मोजा आणि सोडा. मिनिटाच्या लॉगरमध्ये एक टोकदार उंचवटा येईल. पंधराच्या लॉगरमध्ये काहीच आलं नाही तर तो क्षणाची नोंद घेतो. त्या उंचवट्याच्या पंधराव्या भागाइतका किंवा, सेन्सर सावकाश निवत असेल तर, त्याहून थोडा मोठा फुगवटा आला तर ती सरासरी. उंचवटा जवळजवळ पूर्ण आला तर तो सर्वांत मोठा आकडा ठेवतो. शेवटच्या दोन्ही प्रकारांत फुगवट्यासमोरची वेळ वाचा : १०:०० असेल तर तो सुरुवात छापतो, १०:१५ असेल तर शेवट.

काय दिसलं ते कळवा, तुलना कशी करायची ते पुढच्या अंकात सांगतो.